राखीव बाकावरचा गोली: लार्स एरिक्सन, स्वेन आंदर्सन आणि स्वीडनची गोलकीपर मंडळी

आडवा खांब (धागालेखक)

1994 चा वर्ल्ड कप आठवणाऱ्यांना थॉमस रवेली आठवेलच. विस्कटलेले केस, डोळे फिरवणं, गोल वाचवल्यावरची माकडउडी. 10 जुलैला स्टॅनफर्डच्या मैदानावर स्वीडन विरुद्ध रोमेनिया, उपांत्यपूर्व फेरी, जादा वेळेनंतर 2-2. शूटआउटमध्ये स्वीडनची पहिलीच पेनल्टी हुकली. मग रवेलीने डॅन पेट्रेस्कूची अडवली आणि शेवटी बेलोदेदिचीची. आमच्याकडे तेव्हा रात्रीचा तिसरा प्रहर होता आणि "आवाज कमी कर" म्हणून वडील दोनदा उठले होते.

पण धागा रवेलीवर नाही. त्या रात्री बाकावर बसलेल्या माणसावर आहे. लार्स एरिक्सन.

जन्म 1965, स्टॉकहोमचा. हॅमर्बी क्लबातून सुरुवात, 1989 मध्ये नॉरकोपिंग क्लबला गेला आणि त्याच वर्षी प्लेऑफमध्ये (लीगनंतरच्या बाद सामन्यांत) माल्मोला हरवून नॉरकोपिंग चॅम्पियन. माल्मोचा प्रशिक्षक होता रॉय हॉजसन. ओळीने पाच वर्षं लीगच्या तक्त्यात माल्मो पहिला आणायचा, पण तेव्हाच्या पद्धतीत विजेता प्लेऑफने ठरायचा, त्यामुळे त्यातल्या तीन वर्षी हात चोळत बसला. असो. तर एरिक्सन चांगलाच गोली होता, हे आधी लक्षात घ्या.

आता गंमत बघा. 1990 चा वर्ल्ड कप, 1992 ची युरो (युरोपीय देशांची स्पर्धा), 1994 चा वर्ल्ड कप: तिन्ही संघांत एरिक्सन. स्वीडनचे सामने अनुक्रमे 3, 4 आणि 7. एकूण 14. चौदाही सामन्यांत गोलात रवेली. म्हणजे तीन मोठ्या स्पर्धांची तयारी, विमानप्रवास, राष्ट्रगीत, सगळं करून हा माणूस एक मिनिटही खेळला नाही. कारकिर्दीत त्याचे आंतरराष्ट्रीय सामने 17, रवेलीचे 143.

पुढे बेल्जियमचा शार्लरवा, मग पोर्तुगालचा पोर्तो. पोर्तो तेव्हा दरवर्षी लीग जिंकत होता, पण तिथेही याला संधी बेताचीच. 1998 ला परत हॅमर्बी. आणि निवृत्तीनंतर हाच एरिक्सन स्वीडनच्या राष्ट्रीय संघाचा गोलकीपर-प्रशिक्षक झाला. आन्द्रेआस इसाक्सन हा त्या काळातला पहिल्या पसंतीचा गोली. ज्या जागेवर आपल्याला उभं राहता आलं नाही, तिथे दुसऱ्याला नीट उभं करणं हीच नोकरी.

आता दुसरा माणूस. 1990 च्या संघात तिसरा गोली होता स्वेन आंदर्सन. त्यालाही रवेलीमुळे स्वीडनच्या गोलात जम बसवता आला नाही. तो हेल्सिंगबोर्गला गेला, 1999 मध्ये क्लबला 1941 नंतरचं पहिलं लीगचं विजेतेपद मिळालं आणि ऑगस्ट 2000 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत समोर आला इंटर मिलान. पहिला सामना घरी, 1-0, गोल मायकेल हॅन्सनचा. परतीचा सामना सान सिरोला. इंटरचा प्रशिक्षक मार्चेलो लिप्पी, संघात रॉबी कीन, झामोरानो, रेकोबा. नव्वद मिनिटं झाली तरी 0-0. आणि तेव्हा इंटरला पेनल्टी.

मारायला अल्वारो रेकोबा. ज्याचा डावा पाय म्हणजे त्या काळातल्या इटलीतल्या सर्वांत महागड्या पायांपैकी एक. गोलात 36 वर्षांचा आंदर्सन.

अडवली. इंटर बाहेर, हेल्सिंगबोर्ग चॅम्पियन्स लीगमध्ये. इटलीच्या लीगचा पहिलाच सामना हरल्यावर लिप्पीची नोकरीही गेली.

आणि मग? मग आंदर्सनही त्याच क्लबात गोलकीपर-प्रशिक्षक झाला. वर्षानुवर्षं रोज सकाळी बॉलची जाळी घेऊन मैदानावर, पोरांना शॉट मारत. पेनल्टीची ती एक रात्र सगळ्यांना माहीत, नंतरच्या हजारो सकाळी कोणालाच नाहीत.

माझा मुद्दा एवढाच: गोली लोकांमध्ये प्रशिक्षक होतात ते बहुतेक करून बाकावर बसलेले. पहिल्या पसंतीचा गोली खेळतो. राखीव गोली बघतो. शिवाय सामन्याआधी वॉर्म-अपला मुख्य गोलीला शॉट मारून कोण तयार करतं? राखीव गोलीच. म्हणजे प्रशिक्षकाचं काम तो खेळाडू असतानाच करत असतो, फक्त त्याचा पगार वेगळा मिळत नाही.

मी स्वतः कॉलेजच्या संघात तीन वर्षं राखीव गोली होतो, हे प्रामाणिकपणे सांगून टाकतो. नाहीतर कोणीतरी विचारेलच.

---

तळ्यातमळ्यात

पहिला! वाचनखूण साठवली.

---

योतेबोरीकर

छान धागा, पण खांबराव, उच्चारांचा पार चुराडा केलात. इथे नऊ वर्षं राहतोय म्हणून राहवत नाही. नॉरकोपिंग नाही, नॉरशोपिंग. हेल्सिंगबोर्ग नाही, हेल्सिंगबोरी. आणि ज्याला जग गोथेनबर्ग म्हणतं ते योतेबोरी, म्हणून माझा आयडी. पुण्याहून वाहनकंपन्यांमध्ये आलेली बरीच मराठी मंडळी इथे आहेत. पहिलं वर्ष सगळेच "गोटेबोर्ग" म्हणतात आणि तिकीट खिडकीवरचा माणूस सभ्यपणे हसतो.

आणखी एक. स्वीडिशमध्ये गोलकीपरला 'मोलवाक्त' म्हणतात. मोल म्हणजे गोल, वाक्त म्हणजे पहारा. आपला 'गोलरक्षक' अगदी तोच. 'कीपर'मध्ये ती मजा नाही.

---

आडवा खांब

@योतेबोरीकर, दुरुस्ती मान्य. शीर्षकात बदल करायला गेलो तर संपादनाची मुदत संपलेली. एरवी मी हे सगळं इंग्रजी स्पेलिंग वाचूनच शिकलेला माणूस.

---

कोल्हापुरी शिट्टी

भावा, मुद्दा एकदम बराबर हाय. आमच्या पेठेतल्या फुटबॉलमध्ये पण बघा, शाहू स्टेडियमवर फुल्ल पब्लिक, ढोल, शिट्ट्या. फॉरवर्डला खांद्यावर घेत्यात, गोलीला शिव्या. आणि राखीव गोलीचं तर नाव पण कुणाला माहीत नसतंय. पण सकाळी सहाला मैदानावर पोरांना कोण शिकवतंय बघायला गेलं की तोच असतोय.

एक शंका. 36 वर्षाचा माणूस रेकोबाची पेनल्टी अडवतोय म्हणजे निव्वळ नशीब का काय कला?

---

सदाशिवपेठी

@कोल्हापुरी शिट्टी: थोडं गणित करू. पेनल्टीचं अंतर 11 मीटर. बॉल ताशी 100 किलोमीटर वेगाने आला तर सेकंदाला साधारण 28 मीटर, म्हणजे गोलरेषेपर्यंत 0.4 सेकंद. गोल 7.32 मीटर रुंद, 2.44 उंच. माणसाने बॉल सुटल्यावर बघून, ठरवून, मग उडी मारायची म्हटली तर कोपऱ्यातला बॉल मिळणं जवळजवळ अशक्य. म्हणून गोली आधीच वाचतो: धावत येण्याचा कोन, टेकवलेल्या पायाची दिशा, कमरेचं वळण. निव्वळ नशीब नाही, पण निव्वळ कलाही नाही.

नियमांचाही भाग आहे. 1997 पर्यंत पेनल्टी मारली जाईपर्यंत गोलीने रेषेवर पाय न हलवता उभं राहायचं होतं. मग रेषेवर आडवं सरकायला परवानगी मिळाली. 2019 पासून एक पाय रेषेवर टेकलेला किंवा रेषेच्या वर हवेत असला की पुरे. तेव्हा रवेलीने 1994 मध्ये अडवलेल्या आणि आजचे गोली अडवतात त्या पेनल्ट्यांची थेट तुलना करू नये.

आता धागालेखकाच्या सिद्धान्तावर. मला तो जरा भावनिक वाटतो. दिनो झॉफ? 1982 चा विश्वविजेता कर्णधार, पहिल्या पसंतीचाच गोली, आणि 2000 च्या युरोत इटलीला अंतिम सामन्यापर्यंत नेणारा मुख्य प्रशिक्षक. एका-दोघांच्या गोष्टीवरून नियम काढणं बरं नव्हे.

---

आडवा खांब

@सदाशिवपेठी, झॉफ मान्य. पण मग हे घ्या. नुनो एस्पिरितो सांतो: 2004 मध्ये पोर्तो चॅम्पियन्स लीग जिंकला तेव्हा विटोर बायाच्या मागे राखीव गोली. पुढे व्हॅलेन्सिया, वुल्व्ह्ज, नॉटिंगहॅम फॉरेस्टचा मुख्य प्रशिक्षक. हुलेन लोपेतेगी: रेआल माद्रिद आणि बार्सिलोना दोन्हीकडे राखीव, स्पेनसाठी एकच सामना. पुढे स्पेनचाच मुख्य प्रशिक्षक. झॉफ हा अपवाद आहे, माझ्या बाजूचे दोन.

आणि "भावनिक" असण्याबद्दल: तीन वर्षं बाकावर बसून बघा, मग बोलू. 🙂

---

सदाशिवपेठी

अपवाद एक, उदाहरणं दोन. यावरून काहीही सिद्ध होत नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे. वाद मात्र रंगतदार.

---

रानजाई

सगळे पुरुषच? मग मी भर घालते.

1984, महिलांची पहिली युरो. अंतिम फेरी दोन सामन्यांची, स्वीडन विरुद्ध इंग्लंड. योतेबोरीला (शिकले बघा!) स्वीडन 1-0, गोल पिया सुंधागेचा. परतीचा सामना ल्यूटनला, पावसाने मैदानाचा चिखल झालेला, इंग्लंड 1-0. मग शूटआउट. गोलात एलिसाबेत लेडिंगे. तिने दोन पेनल्टी अडवल्या आणि विजयी पेनल्टी मारली पुन्हा सुंधागेनेच. स्वीडन 4-3, युरोपचा विजेता.

आणि हे ऐका: त्या स्पर्धेत बायकांचे सामने 35-35 मिनिटांचे होते आणि बॉल चार नंबरचा, म्हणजे लहान मुलांचा. कारण काय तर बायकांना झेपणार नाही. लेडिंगे त्यानंतरही 1995 च्या वर्ल्ड कपपर्यंत खेळली, स्वीडनसाठी शंभरहून जास्त सामने.

पण त्या संघातून जगभर नाव झालेली प्रशिक्षक कोण? सुंधागे. अमेरिकेला 2008 आणि 2012 ची ऑलिंपिक सुवर्णपदकं, 2016 ला स्वीडनला रौप्य. गोल मारणारीच! गोल वाचवणारीचं नाव किती जणांना माहीत होतं आज हा प्रतिसाद वाचायच्या आधी? हात वर करा.

---

कोल्हापुरी शिट्टी

हात खालीच हाय ताई.

---

मांडवीतीर

पणजीहून. स्वीडन आणि आपला एक धागा कोणी पकडला नाही अजून, म्हणून लिहितो.

1979 चा युरोपियन कप अंतिम सामना, म्युनिक. माल्मो विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. माल्मो 1-0 ने हरला, गोल ट्रेव्हर फ्रान्सिसचा. स्वीडनचा क्लब त्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचण्याची ती एकमेव वेळ. गोलात यान म्योलर. त्या वर्षीचा स्वीडनचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून 'गुल्डबोलेन', म्हणजे सोन्याचा चेंडू, त्यालाच मिळाला. आणि त्या माल्मोचा प्रशिक्षक? तिशीतला इंग्रज, बॉब हॉटन.

तोच हॉटन 2006 ते 2011 भारताचा प्रशिक्षक! म्योलर हॉटनच्या मागोमाग ब्रिस्टल आणि टोरोंटोलाही गेला होता, इतका विश्वास. आणि आपल्या संघात हॉटनने विश्वास टाकला सुब्रत पॉलवर. 2011 चा आशियाई चषक, दोहा. भारत तिन्ही सामने हरला, ऑस्ट्रेलियाकडून 0-4, बहारिनकडून 2-5, कोरियाकडून 1-4. तीन सामन्यांत तेरा गोल खाल्लेला गोली, आणि तरी स्पर्धेनंतर कौतुक कोणाचं झालं? सुब्रतचंच. कोरियाच्या सामन्यात तो नसता तर आकडा कुठवर गेला असता, विचार करवत नाही.

हॉटनचा बचाव कसा असायचा ते आमच्याकडे अजून जुनी माणसं सांगतात: चार-चारच्या दोन रांगा, अंतर घट्ट, आणि मागून लांब बॉल. बघायला कंटाळवाणं. पण गोलीसमोर नेमकं काय येणार हे त्यात बरंच आधी ठरलेलं असतं. म्योलरला ते मानवलं असणार.

---

सदाशिवपेठी

@मांडवीतीर, ही माहिती खरोखर नवी. हॉटन-म्योलर-सुब्रत अशी साखळी कधी डोक्यात आली नव्हती.

---

रानजाई

आणखी एक कडी. थॉमस डेनरबी. त्याच्या हाताखाली स्वीडनच्या बायकांनी 2011 च्या वर्ल्ड कपमध्ये कांस्य मिळवलं. तोच जानेवारी 2022 मध्ये आपल्या महिला संघाचा प्रशिक्षक, आशियाई चषक, आपल्या नवी मुंबईत. पहिला सामना इराणशी 0-0, आणि मग संघात कोविड पसरला आणि स्पर्धेतून बाहेरच जावं लागलं. एक सामना, एकही गोल न खाता, आणि संपलं. मला त्याचं अजून वाईट वाटतं. गोली नव्हता तो, पण स्वीडिश होता, म्हणून चालवून घ्या.

---

कोरा कागद

धाग्यात रोनी हेलस्ट्रॉम नाही? माझ्या मते स्वीडनचा सर्वांत मोठा गोली तोच, रवेली नव्हे. थोडं सविस्तर लिहितो, कारण गोलीच्या मनाबद्दल बोलायचं तर त्याच्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

1970, मेक्सिको. वर्ल्ड कपचा पहिला सामना, समोर इटली. वय 21. दहाव्या मिनिटाला दोमेंगिनीचा शॉट, साधा, जमिनीलगत. हेलस्ट्रॉमच्या अंगाखालून निसटला. सामना 1-0 ने गेला. पुढच्या सामन्याला गोलात दुसराच माणूस. संपूर्ण वर्ल्ड कप त्या एका बॉलवर गेला.

चार वर्षांनी पश्चिम जर्मनी. पहिले तीन सामने: बल्गेरिया 0-0, हॉलंड 0-0, उरुग्वे 3-0. एकही गोल खाल्ला नाही. हॉलंडचा तो सामना म्हणजे ज्यात योहान क्रॉइफने यान ओल्सनला ती जगप्रसिद्ध गिरकी दिली. सगळं जग ती गिरकी दाखवतं. त्यानंतरही स्कोअर 0-0 राहिला तो का, हे कोणी दाखवत नाही.

मग दहा वर्षं कैझरस्लाउटर्न, जर्मन लीगमध्ये 266 सामने. 1982 मध्ये याच क्लबाने रेआल माद्रिदला 5-0 ने घरी पाठवलं होतं. गुल्डबोलेन दोनदा, 1971 आणि 1978. 2022 च्या फेब्रुवारीत गेला.

आता प्रश्न धागालेखकाला: हेलस्ट्रॉम कधी बाकावर बसला नाही असं कुठे आहे? 1970 चे उरलेले सामने तो बाकावरूनच बघत होता. तेव्हा "बाकावरचा" आणि "पहिल्या पसंतीचा" अशी सरळ रेघ मारता येईल का?

---

आडवा खांब

@कोरा कागद, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा चांगला झालाय. रेघ मागे घेतो. निदान पुसट करतो.

पण एक फरक राहतोच. हेलस्ट्रॉम बाकावर गेला तो चुकीमुळे. एरिक्सन बाकावर होता तो कसलीच चूक न करता. पहिल्याला परत यायचा रस्ता दिसत असतो. दुसऱ्यासमोर रवेली असतो, आणि रवेली तर जखमीही होत नाही. त्या माणसाने सोळा वर्षं दार अडवून धरलं, 1981 ते 1997.

---

सदाशिवपेठी

याला आता सिद्धान्त नाही, गाऱ्हाणं म्हणतात. पण पटलं.

अवांतर: 1992 मध्ये बॅकपासचा नियम आला. आपल्याच खेळाडूने पायाने मुद्दाम मागे दिलेला बॉल गोलीने हातात घ्यायचा नाही. तेव्हा रवेली 32-33 चा, आंदर्सन 28 चा, एरिक्सन 26 चा. म्हणजे या सगळ्यांनी अर्धी कारकीर्द हातांनी आणि अर्धी पायांनी खेळली. मला वाटतं गोलकीपर-प्रशिक्षक ही वेगळी नोकरी म्हणून बळावली त्यात या नियमाचा मोठा वाटा असावा. जुन्या गोलीला जे कधी शिकवलंच नव्हतं, ते नव्याला शिकवायला माणूस लागला. आता तर यूएफाची (युरोपच्या फुटबॉल महासंघाची) गोलकीपर-प्रशिक्षकांसाठी वेगळी लायसन्सं आहेत.

---

तळ्यातमळ्यात

गोलकीपर-प्रशिक्षक दिवसभर नक्की करतो काय? हा प्रामाणिक प्रश्न आहे. मला वाटायचं मुख्य प्रशिक्षकाचा मित्र असतो, त्याला कुठेतरी चिकटवलेलं असतं.

---

कोल्हापुरी शिट्टी

@तळ्यातमळ्यात, आमच्याकडं तसंच असतंय. 😂

---

आडवा खांब

@तळ्यातमळ्यात: संघाचा सराव सुरू व्हायच्या आधी गोली लोकांचा वेगळा सराव असतो. आधी हातात बॉल पकडण्याचे सोपे शॉट, मग पायांच्या हालचाली, मग क्रॉस, म्हणजे बाजूने गोलसमोर येणारे बॉल. सगळ्यांत जास्त वेळ जातो तो उडीवर नव्हे, उडीच्या आधीच्या क्षणावर. शॉट सुटतो त्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर, वजन पुढे, शरीर स्थिर हवं. पाऊल उचललेलं असताना शॉट आला तर कितीही चांगला गोली चुकतो. टीव्हीवर आपण उडी बघतो. प्रशिक्षक पाय बघत असतो.

त्यानंतर व्हिडिओ. पुढच्या सामन्यातले पेनल्टी मारणारे कोण, कॉर्नर कुठे टाकतात. आणि राहिलेला वेळ, माझ्या मते सगळ्यांत अवघड काम: दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या गोलीचं मन राखणं. ते काम एरिक्सनइतकं कोणाला समजलं असेल?

---

योतेबोरीकर

आमच्याकडचं सांगतो. माझा मुलगा इथल्या गल्लीतल्या क्लबात खेळतो. प्रशिक्षक म्हणजे आम्ही पालकच, आळीपाळीने, फुकट. सहा-सात वर्षांची मुलं तीनविरुद्ध तीन खेळतात, छोटे गोल, आणि गोलकीपर नसतोच. आठव्या वर्षापासून पाचविरुद्ध पाच, तिथे पहिल्यांदा कोणीतरी गोलात उभं राहतं. लहान वयात गुणतक्ताही लावत नाहीत.

तर पाचविरुद्ध पाचचा पहिला सामना. एप्रिल होता, पण थंडी अशी की माझी बोटं आखडलेली. "गोलात कोण?" विचारल्यावर सगळी पोरं बुटांकडे बघायला लागली. माझा पुढे झाला. का, तर ग्लोव्हज मिळतात म्हणून. सात गोल खाल्ले. घरी येताना गाडीत मी काय बोलावं ते जुळवत होतो, तर हा मागून म्हणतो, "बाबा, दोन अडवले मी, तू बघितलेस ना?"

मी एकच बघितला होता. दुसऱ्या वेळी थर्मासमधला चहा ओतत होतो. हो म्हणालो.

---

कोल्हापुरी शिट्टी

योतेबोरीकर, पोराला सांगा कोल्हापूरला यायला. आमच्या पेठेत गोलीची जागा कायम रिकामी असतीय.

---

रानजाई

आणि ग्लोव्हज?

---

कोल्हापुरी शिट्टी

ते त्यानं तिकडनं आणायचे.